गनला लावलेलं खुरासणीचं तेल

त्या वर्षी पलटणीला उत्तरेकडची बर्फातली पोस्ट मिळाली आणि मला गन मिळाली. गन म्हणजे एमएमजी, मिडियम मशीन गन. ट्रायपॉडवर बसते, गोळ्यांचा पट्टा खाते आणि सांगाल तितका वेळ न थांबता फायर करते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणारा शेगडीजवळ बसलेला असतो, असं माझं मत आहे. मी तेव्हा नाईक होतो. गनवर नंबर वन मी, म्हणजे ट्रिगर माझ्या हातात. नंबर टू सिपाही देवराम वारघडे. पट्टा सरळ भरवणं, तापलेलं बॅरल बदलणं आणि गन साफ ठेवणं हे त्याचं काम.

मी खोडाळ्याचा, देवराम सूर्यमाळचा. अख्ख्या पलटणीत मोखाडा तालुक्याचे आम्ही दोघंच, आणि सुभेदार साहेबांनी मुद्दाम आम्हाला एका गनवर बसवलं होतं. साहेब कोल्हापूरकडचे. एकाच डोंगरातले दोघं असले म्हणजे भांडले तरी काय बोलतात ते बाहेरच्याला कळत नाही, तेवढीच शांतता, असं ते म्हणायचे. त्यांचं चुकत नव्हतं. आम्ही दिवसातून दोनदा तरी भांडायचो.

आता रिटायर होऊन मी खोडाळ्यातच असतो. एसटी स्टँडसमोर चहाला बसलो की कुणी ना कुणी विचारतंच, मशीन गन बंद पडते का हो? लोकांनी गन सिनेमात पाहिलेली असते. तिथला हीरो एका हातात गन धरतो, दुसऱ्या हाताने हिरॉइनला सावरतो, आणि पट्टा संपतच नाही. मला असले सिनेमे बघवत नाहीत. मी घरात मोठ्याने बोलायला लागतो आणि बायको टीव्ही बंद करते.

गन बंद पडते. चांगली गनसुद्धा पडते. वाळवंटात होतो तेव्हा तेल जरा जास्त झालं की त्याला वाळू चिकटायची आणि आतला पिस्टन खरवडत चालायचा. पूर्वेच्या जंगलात पाऊस असा की दुपारी पुसलेल्या लोखंडावर सकाळी तांबूस गंज दिसायचा. बर्फात आणखी तिसरंच. तिथे थंडीने तेलच घट्ट होतं. पिस्टन मागे जायला हवा तितक्या जोराने जात नाही, रिकामं काडतूस नीट बाहेर पडत नाही, आणि गन एक गोळी मारून गप्प बसते. लोखंडाचा त्यात दोष नसतो. कुठल्या हवेत तिला काय द्यायचं हे माणसाने ओळखावं लागतं, बैलाचं ओळखतो तसंच.

आमच्या पोस्टवर म्हणून सक्त हुकूम होता, गन कोरडी ठेवायची. रॉकेलने धुवायची, कापडाने पुसायची, थंडीसाठी मिळणारं सरकारी पातळ तेल ठरलेल्या दोन-तीन जागी नुसतं बोटाने फिरवायचं, बस. बॅरलच्या तोंडाला टोपी, वर कॅनव्हास. रोज सकाळी सुभेदार साहेबांची परवानगी घेऊन चार-सहा राउंडचा टेस्ट फायर. गन बोलली की आम्ही चहा घ्यायचो. ती बोलेपर्यंत चहाला चव नसायची.

देवराम म्हणजे आनंदी प्राणी. त्याला थंडी वाजायची, भूक लागायची, घरची आठवण यायची, आणि हे सगळं तो हसतहसत सांगायचा. बंकरमध्ये तो नुसत्या तोंडाने तारप्याचा, आमच्याकडच्या भोपळ्याच्या वाद्याचा, आवाज काढायचा. पहिल्या दिवशी साताऱ्याकडच्या हवालदार जाधवांनी विचारलं की याला काही होतंय का. महिन्याभरात तेच जाधव पाय आपटून ताल धरायला लागले. मला देवराम फार आवडायचा. हे मी त्याला कधी बोललो नाही, कारण नाईकाने असलं बोलायचं नसतं.

जानेवारीत तो सुट्टीवर गेला आणि परत येताना आईने दिलेली खुरासणीच्या तेलाची बाटली घेऊन आला. आमच्याकडे डोंगरउतारावर नागलीबरोबर खुरासणी, काही जण कारळे म्हणतात ते, होते. दिवाळीच्या आगेमागे सगळा माळ पिवळ्या फुलांनी भरतो, मग बी निघतं, मग घाण्यावरून तेल येतं. देवरामच्या घरी एक रीत होती. नवं तेल आलं की पहिल्यांदा ते माणसाने खायचं नाही. पहिलं बोट कोयत्याला, मग नांगराच्या फाळाला, मग कुऱ्हाडीला. वर्षभर जे हत्यार आपल्यासाठी राबलं त्याचा मान आधी. त्यानंतर भाजीला फोडणी. रीत सुंदर आहे, माझं आजही तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. फक्त ती सूर्यमाळच्या हवेसाठी आहे.

सुट्टीवरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुभेदार साहेबांकडे बंकरच्या पत्र्याचं काही बोलायला गेलो होतो. देवराम गन साफ करत बसला. त्याच्या घरी कोयत्याला मिळतं ते नवं तेल, आणि इथे त्याचं सगळ्यात मोठं हत्यार रॉकेलने धुतलेलं, कोरडं ठणठणीत. त्याला ते बघवलं नाही. त्याने बाटली उघडली आणि बोट कसलं, चांगला हात फिरवला. पिस्टनला, बोल्टला, आतल्या खाचांना. वरून कॅनव्हास झाकला आणि समाधानाने जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळचा टेस्ट फायर झाला असता तर तिथेच सगळं उघडकीला आलं असतं. पण त्या दिवशी टेस्ट फायर नव्हता. हवालदार जाधव पाच जण घेऊन पहाटेच खालच्या पोस्टवर गेले होते, वायरलेसच्या बॅटऱ्या आणि टपाल आणायला. आपली गस्त बाहेर असताना उगाच गोळी मारायची नाही, असा नियम. ते धुक्याच्या आडून परत येणार होते. दहाच्या सुमाराला धुकं अचानक उठलं, एखाद्याने पडदा ओढावा तसं, आणि आमचे सहा जण उघड्या बर्फाच्या उतारावर, समोरच्यांच्या, म्हणजे शत्रूच्या, डोळ्यांसमोर उभे.

समोरच्या धारेवरून मशीन गन सुरू झाली. आमची सहाही माणसं एका मोठ्या खडकाआड गेली. वायरलेसवर सिपाही कांबळे होता, नागपूरकडचा.

"कांबळे बोलतोय. एकाला लागलंय. मांडीत. ओव्हर."

"कोणाला? ओव्हर." सुभेदार साहेबांनी विचारलं.

"मलाच. ओव्हर."

खडकापासून आमच्या बाजूच्या नाळेपर्यंत, तिथल्या खोल घळीपर्यंत, जेमतेम भाताच्या दोन खाचरांएवढं अंतर. नाळेत उतरलं की गोळी लागत नाही. पण तेवढं अंतर उघडं होतं, आणि खडकाआड बसून राहणंही शक्य नव्हतं. कांबळेचं रक्त जात होतं, आणि समोरच्यांचा मॉर्टर, उखळी तोफ, नेमकी जागा धरेपर्यंतच तो खडक खडक होता. त्या सहा जणांना पळायला मिळावं म्हणून समोरची गन काही वेळ दाबून ठेवायची होती. एवढ्या लांबवर ते काम रायफलींचं नव्हतं, आमच्या एमएमजीचं होतं. पोस्टवर दुसरी एमएमजी नव्हती.

मी निशाणा धरला आणि ट्रिगर दाबला. एक गोळी गेली. गन बंद.

हँडल ओढून कॉक केली, परत दाबला. एक गोळी. बंद. तिसऱ्यांदा कॉकिंग हँडल मागे ओढताना माझ्या हाताला कळलं की आत काहीतरी चिकट आहे. गुळाच्या काकवीत पळी फिरवावी तसं ते हँडल येत होतं. मी देवरामकडे पाहिलं. त्याचा चेहरा बर्फापेक्षा पांढरा झाला होता.

"भाऊ," तो म्हणाला, "मीच केलां. आयनं नवा त्याल दिलाता. गन कोरडी बघवली नाय मला."

मी त्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. ते मी आमच्या बोलीत बोललो, त्यामुळे सुभेदार साहेब म्हणायचे तसं बाहेर कुणाला कळलं नाही. तेवढ्यात फील्ड टेलिफोन वाजला.

"गन का बंद?"

"साहेब, तेल थिजलंय."

"कुठलं तेल?"

"खुरासणीचं."

साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले की चौकशी नंतर करू, आधी गन चालू करा, आणि तोवर एलएमजी लावतो. पोस्टच्या एलएमजीने, म्हणजे हलक्या मशीन गनने, आणि रायफलींनी फायर सुरू केला. त्याने समोरचे थोडे बिचकले, पण दबले नाहीत.

देवरामने तोवर हातमोजे काढून फेकले होते. मोज्यांनी एवढे बारीक भाग निघत नाहीत. तसल्या थंडीत उघड्या बोटाने लोखंड धरलं की कातडी त्याला चिकटते, हे त्याला माहीत होतं. त्याने पट्टा काढला, मागचा भाग सोडला, पिस्टन आणि बोल्ट बाहेर ओढले. त्यांच्यावर मधासारखा पिवळट थर बसला होता. आमच्या घरातल्या बायका तेलाच्या बुधलीला बाहेरून जो चिकटा बसतो म्हणून कुरकुरतात, अगदी तोच. मी बुखारीच्या, आमच्या शेगडीच्या, टाकीतलं रॉकेल मेसटिनमध्ये, जेवणाच्या डब्यात, ओतलं. त्याने दोन्ही भाग त्यात बुडवले आणि घरून आणलेल्या नव्याकोऱ्या पंच्याने घासून काढले. मी गनच्या पोकळीत काठीला चिंधी बांधून रॉकेल फिरवत होतो. आमच्या दोघांच्या ओळखीतली ती सगळ्यात मोठी शांतता.

"कांबळे बोलतोय. पहिला मॉर्टर खडकाच्या वर पडला. गन द्या. ओव्हर."

देवरामने पिस्टन परत आत सरकवला. त्याच्या बोटांच्या टोकांची कातडी त्या लोखंडावर राहिली होती, ती मला दिसली. त्याने हँडल दोनदा मागेपुढे केलं. तिसऱ्यांदा ते आपसूक गेल्यासारखं गेलं. त्याने पट्टा बसवला, वरचं कव्हर मारलं आणि माझ्या खांद्यावर थाप दिली. नंबर टूने नंबर वनला द्यायची ती ठरलेली थाप असते. गन तयार आहे, एवढाच तिचा अर्थ.

मी ट्रिगर दाबला आणि गन चालली. काय चालली म्हणून सांगू. आधी छोटा बर्स्ट, मग मोठा, मग पुन्हा छोटा. समोरच्या धारेवर बर्फाचा धुरळा उडायला लागला आणि तिकडची गन गप्प झाली. खाली जाधवांनी कांबळेला पाठीवर टाकलं. बाकीचे चौघं पुढे, जाधव मागे. मला इतका आनंद झाला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या थंडीत डोळ्यांत पाणी आणणं परवडत नाही, म्हणून मी हसायला लागलो. पट्टा संपत आला की देवराम दुसरा जोडत होता. रक्ताळलेल्या बोटांनी, पण एकदाही वाकडा नाही.

मग गन तापली. खाचांमध्ये कुठेतरी राहून गेलेलं तेल तापलं, आणि सगळ्या बंकरमध्ये खुरासणी भाजल्याचा खमंग वास पसरला. युद्धाला बारुदाचा वास असतो असं म्हणतात. आमच्या त्या लढाईला चटणीचा वास होता. देवराम पट्टा भरवतभरवत म्हणाला, भाऊ, भूक लागली.

सगळे सहा नाळेत उतरले. तिथून वर पोस्टवर यायला त्यांना बराच वेळ लागला, पण आता घाई नव्हती. कांबळेला स्ट्रेचरवर आणलं तेव्हा तो दात आवळून पडला होता. आमच्या बंकरवरून जाताना त्याने मान वर केली, नाक ओढलं आणि विचारलं की आज पोस्टवर चटणी कोण करतंय. सुभेदार साहेब बाजूलाच उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

चौकशी झाली. साहेबांनी देवरामला समोर उभं केलं आणि चांगलं सुनावलं. सहा माणसांचे जीव म्हणजे काय, हुकूम कशासाठी असतो, कोयता कुठे आणि एमएमजी कुठे. देवराम मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. शेवटी साहेबांनी विचारलं की बाटलीत किती उरलंय. अर्धं उरलं होतं. साहेबांनी ते जप्त करून लंगरला, पोस्टच्या स्वयंपाकघरात, पाठवलं आणि शिक्षा म्हणून त्याने लंगरमध्ये उभं राहून सगळ्या पोस्टला कांदाभजी करून घालायची असं ठरलं. हातांना पट्ट्या असल्यामुळे भजी मी तळली आणि तो शेजारी उभा राहून माझ्या चुका काढत होता. शिक्षा नक्की कुणाला झाली हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर गन साफ करताना देवराम दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. रॉकेल, कापड, सरकारी तेलाचं बोट. रोज. वारा असला तर उठून पुन्हा. पुढच्या सुट्टीत त्याने आईला सगळं सांगितलं. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती म्हणे हसून हसून खाली बसली, आणि मग हे सगळ्या पाड्याला सांगत सुटली की माझ्या तेलाने सरकारची गन अडवली.

दोन वर्षांनी देवराम दुसऱ्या पोस्टवर नंबर वन होता. मी तेव्हा कोर्सवर होतो, म्हणून जे सांगतो ते ऐकलेलं. सकाळची वेळ होती. समोरून मॉर्टर आला आणि गन पोझिशनवर पडला. मागचे लोक पोचले तेव्हा देवराम गेला होता. पट्टा गनमध्येच होता. एकाने त्याला बाजूला केलं, गनमागे बसला आणि ट्रिगर दाबला. गन पहिल्याच दाबाला चालली. बॅरल गरम होतं, म्हणजे शेवटपर्यंत तो फायर करत होता आणि ती एकदाही अडली नव्हती. मला हे हवालदार जाधवांनी फोनवर सांगितलं.

त्याला सूर्यमाळला आणलं तेव्हा सगळा डोंगर खाली उतरला होता. ते मी इथे लिहीत नाही.

त्याच्या आईजवळ आता कुणी नाही. मुलगी लग्न होऊन नाशिककडे गेलेली. पेन्शन येते, पण तिला ती दिसत नाही, तिला शेत दिसतं. त्या वर्षी आषाढात भाताच्या आवणीची वेळ आली, मी सुट्टीवर घरी होतो, आणि एके सकाळी जाधव खोडाळ्याच्या स्टँडवर उतरले. हाफ पँट, डोक्याला टॉवेल, हातात पिशवी. मला म्हणाले, चल, सूर्यमाळला रोपं लावायची आहेत. दुसऱ्या वर्षी ते दोघांना घेऊन आले. आता सहाही जण येतात. फोनवर ग्रुप आहे, त्याचं नाव 'गन पोझिशन'. पाऊस बरा झाला की मी त्यावर एकच शब्द टाकतो, 'आवणी', आणि सातारा, नागपूर, नगर कुठूनकुठून माणसं निघतात. कांबळेला मांडीमुळे वाकता येत नाही, म्हणून तो राबाच्या, रोपांच्या वाफ्याच्या, कडेला बसून रोपांच्या मुठी बांधतो आणि बाकीच्यांवर वायरलेसवरच्यासारखा ओरडतो. बाकीचे चिखलात. सातवा मी.

यंदाही गेलो होतो. पाऊस रिमझिम होता, मावशी बांधावर इरलं घेऊन उभी होती. आम्ही तिला मावशीच म्हणतो. गुडघाभर चिखलातली ती रांग बघून पाड्यावरची एक म्हातारी तिला म्हणाली, तुझा नशीब चांगला, एवढी माणसा कुठून आणलीस?

मावशीने आमच्या रांगेकडे हात केला.

"देवरामनं येक मशीन चालू केला," ती म्हणाली. "त्याच्यातून ही सा जना माज्या आवणीला आली."

कुणी मान वर केली नाही. माझ्यासमोरचं पाणी मला नीट दिसेना. मग तिचाच आवाज आला.

"जाधव, तुजी वळ वाकडी चाललीय. सरळ लाव."

जाधवांनी "जी" म्हटलं आणि उपटून पुन्हा लावायला घेतलं.